एका दिवसाचं ताट

देशातल्या रांगत्या-दुडदुडत्या मुलांच्या पोषणाचा सगळ्यात गाजणारा आकडा एका साध्या प्रश्नावर उभा आहे: काल दिवसा किंवा रात्री तुमच्या बाळाने काय काय खाल्लं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या ताई घरी येतात, आईसमोर बसतात आणि यादी वाचत जातात. भात, पोळी, भाकरी? डाळ? दूध, दही? अंडं? मासे, मटण? आतून पिवळी-नारिंगी असलेली भाजी, म्हणजे भोपळा, गाजर, रताळं? हिरवी पालेभाजी? आई हो म्हणते किंवा नाही म्हणते. 2019 ते 2021 या काळातल्या पाचव्या फेरीत या हो-नाहीची बेरीज झाली आणि निघालं, की 6 ते 23 महिन्यांच्या मुलांपैकी फक्त 11.3 टक्के मुलांना पुरेसा आहार मिळतो.

दहातल्या जवळपास नऊ मुलांना तो मिळत नाही. आकडा भयंकर आहे. त्यावर अग्रलेख होतात, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात, आणि शेवटी कुणीतरी म्हणतंच, की आयांमध्ये जागृती करायला हवी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मुलांनी काय खाल्लं हे विचारायलाच हवं. पण आज ते जसं विचारलं जातं, त्यात बाळाच्या पोटात नेमकं किती गेलं हे कळत नाही. आणि उत्तराचं पुढे जे होतं, त्यात सगळा दोष आईच्या पदरात पडतो. अन्न कसं मोजावं यावरचा देशातला सगळ्यात गंभीर वाद ज्या पुण्यात झाला, त्या पुण्याने हे दोन्ही मुकाट्याने चालवून घेऊ नये.

*

आधी यादी कशी चालते ते पाहू. सर्वेक्षणाच्या हिशेबात अंगावर पिणाऱ्या बाळाला दिवसभरात किमान चार खाद्यगटांतलं काहीतरी मिळायला हवं, आणि वयानुसार किमान दोन किंवा तीन वेळा खाणं व्हायला हवं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2021 साली छापलेल्या निर्देशांकांत गट आठ झाले आणि किमान पाच हवेत असं ठरलं. आईचं दूध हा त्यातला एक गट. उरलेले सात म्हणजे धान्य आणि कंदमुळं, डाळी-कडधान्यं आणि दाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, अ जीवनसत्त्व भरपूर असलेली फळं-भाज्या आणि इतर फळं-भाज्या.

आता पुण्यातल्या कुठल्याही घरातलं वर्षाच्या बाळाचं खाणं घ्या. आईचं दूध, मऊ वरण-भात, वर तूप, संध्याकाळी वाटीभर दूध. गट मोजा: आईचं दूध, धान्य, डाळ, दूध. चारच. नव्या नियमाने बाळ नापास. तुपाला गटच नाही, कारण स्निग्ध पदार्थ या यादीत मोजले जात नाहीत. त्याच भातात लाल भोपळ्याची एक फोड कुस्करली, की बाळ पास. फोड केवढी होती हे कुणी विचारत नाही. कोथिंबिरीची चिमूट मोजायची नाही एवढी सूचना असते; त्यापलीकडे एक घास खाल्ला काय आणि वाटीभर खाल्लं काय, खूण एकच.

असा निर्देशांक उपयोगाचा असतो, हे मला मान्य आहे. लाखो घरांत झटपट विचारता येतं, राज्याराज्यांची तुलना करता येते. पण तो आहारातली विविधता सांगतो. पोट भरलं का, हे सांगत नाही. या दोन गोष्टी एकच समजून भाषणं केली जातात, तिथे आक्षेप घ्यायलाच हवा.

*

सगळ्यात जास्त फसवणारा पदार्थ म्हणजे वरणाचं पाणी. सहा महिन्यांचं बाळ झालं, की आपल्याकडे घरोघरी सुरुवात त्यानेच होते. शिजलेल्या डाळीवरचं निवळ पाणी, त्यात किंचित मीठ. आजी म्हणते, पचायला हलकं. यादीवाली विचारते, डाळ दिली का? आई अगदी खरं उत्तर देते, दिली. डाळीच्या गटापुढे खूण होते. प्रत्यक्षात डाळ भांड्याच्या तळाशी राहिलेली असते आणि ती मोठ्यांच्या ताटात जाते.

बाळाला किती हवं, याचा हिशेब उपलब्ध आहे. आईचं दूध नेहमीसारखं मिळत असेल, तर 6 ते 8 महिन्यांत वरच्या अन्नातून रोज सुमारे 200 किलोकॅलरी, 9 ते 11 महिन्यांत 300 आणि वर्षानंतर 550. त्या एवढ्याशा पोटात मावेल तेवढ्यातून हे भागवायचं, तर अन्न घट्ट हवं. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळू नये इतकं घट्ट. पातळ पेज, पातळ खिमट, वरणाचं पाणी यांनी पोट भरतं, बाळ झोपतं, आई निर्धास्त होते, आणि वजन मात्र वाढत नाही. म्हणून यादीत फक्त डाळ विचारून भागणार नाही. घट्ट की पातळ, हे विचारायला हवं. हा एक शब्द वाढवायला पैसा लागत नाही.

दुसरा घोटाळा वाटीचा. एक वाटी भात, असं आई सांगते. कुठली वाटी? वाढण्याची, आमटीची की बाळाची चांदीची? भरलेली की अर्धी? आणि त्यातलं पोटात किती गेलं, लाळेऱ्यावर किती सांडलं, जमिनीवर किती आणि आईने उष्टं म्हणून स्वतः किती खाऊन टाकलं? मोठ्या माणसाच्या आहारात वाढलेलं आणि खाल्लेलं यांत फरक थोडा असतो. दीड वर्षाच्या मुलाच्या बाबतीत सगळा हिशेब त्या फरकातच अडकतो.

हे शास्त्रज्ञांना माहीत नाही असं मुळीच नाही. 1972 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पोषण संनियंत्रण ब्युरोची माणसं घरोघर प्रमाणित मापांचे कप घेऊन जात आणि काही घरांत कच्चा शिधा प्रत्यक्ष तोलत. महाराष्ट्र त्यात होता. हा ब्युरो 2015 साली बंद झाला. 2017 साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 528 भारतीय खाद्यपदार्थांचे पोषणमूल्यांचे नवे तक्ते काढले. म्हणजे भोपळ्यात काय आहे हे आपल्याला पूर्वीपेक्षा बारकाईने कळलं, आणि बाळाने भोपळा किती खाल्ला हे नियमितपणे मोजणारी माणसं मात्र आपण घरी पाठवली. ही चूक दुरुस्त व्हायला हवी.

*

आता उत्तर देणारी. प्रश्न आईला विचारला जातो. पण पुण्यात दीड-दोन वर्षांच्या मुलाला दिवसभर भरवतं कोण? कोथरूड-बाणेरच्या घरांत आई सकाळी नऊला कामावर जाते. बाळ आजीकडे, सांभाळणाऱ्या मावशींकडे किंवा पाळणाघरात. वस्तीतल्या घरात आई चार घरची धुणीभांडी करायला बाहेर पडते. बाळ आठ-नऊ वर्षांच्या ताईच्या कडेवर किंवा शेजारणीकडे. संध्याकाळी आई परतते आणि तिला कळतं ते एवढंच, की खाल्लं त्याने. दुसऱ्या दिवशी सर्वेक्षणात तीच ऐकीव माहिती आकडा होऊन बसते.

भरवणाऱ्याला विचारा. पाळणाघरातल्या मावशींना विचारा. आजीला विचारा, पण आईसमोर नको. आणि आईला विचारा, पण सासूसमोर नको. ज्या घरात अंडं चालत नाही असं जाहीर आहे आणि बाळाला मात्र डॉक्टरांनी सांगितलं म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून उकडलेलं अंडं आणून भरवलं जातं, त्या घरात सासूसमोर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’च येणार. हे खोटं बोलणं नाही. घरात शांतता ठेवण्यासाठी बायकांना असं बोलावं लागतं.

हाच प्रश्न शहराच्या दोन भागांत उलटसुलट उत्तरं आणतो. सुखवस्तू घरातली आई म्हणते, काहीच खात नाही हो. बाळाचं वजन ठीक असतं, तरी तिची तक्रार खरी असते, कारण तिच्या अपेक्षेएवढं ते खात नाही. दोन जेवणांच्या मधली बिस्किटं, रस, दुधात मिसळलेली पावडर तिच्या लेखी खाणं नसतंच. वस्तीतली आई म्हणते, सगळं खातो की. घरी आलेल्या परक्या बाईसमोर आपल्या लेकराला कमी पडतं हे सांगायची तिची तयारी नसते, आणि ती का असावी? एकीचं उत्तर काळजीने कमी होतं, दुसरीचं स्वाभिमानाने वाढतं. यादीत दोन्ही उत्तरं सारख्याच खात्रीची धरली जातात.

आणि पाच रुपयांचा पुडा? चहात बुडवून दिलेलं बिस्कीट हे या शहरातल्या हजारो मुलांचं सकाळचं खाणं आहे. त्यानंतर दुपारपर्यंत भूक लागत नाही, म्हणून डाळ-भाताला जागा उरत नाही. गोड पेयं आणि असं अरबट-चरबट खाणं वेगळं नोंदवावं, हे जागतिक निर्देशांकांत 2021 साली आलं. आपल्याकडे प्रत्येक अंगणवाडीत आणि प्रत्येक बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात ते आजपासून विचारलं जायला हवं.

*

यानंतर तो शब्द: काल.

काल कोणता वार होता? रविवार असेल तर अर्ध्या पुण्यात मटण-चिकन शिजलेलं असतं आणि बाळालाही रश्शात कुस्करलेला भात मिळालेला असतो. गुरुवार असेल तर अनेक घरांत अंडंही नाही. एकादशी असेल तर घरात साबुदाणा खिचडी आणि बाळाच्याही हातात तीच.

काल कोणता महिना होता? पाचव्या सर्वेक्षणाचं महाराष्ट्रातलं काम 2019च्या उत्तरार्धात झालं. त्या वर्षी आषाढी एकादशी 12 जुलैला होती, कार्तिकी 8 नोव्हेंबरला. म्हणजे चातुर्मास जवळपास पूर्णपणे या कामाच्या काळात आला, श्रावणासकट. ज्या घरांत एरवी आठवड्याला अंडं-मासळी होते, त्यांतल्या कितीतरी घरांनी या दिवसांत ती बंद ठेवली असणार. आंब्याचा हंगाम संपलेला, पावसाळी पालेभाज्यांचा आलेला. तीच घरं, तीच मुलं, पण एप्रिल-मेमध्ये विचारलं असतं तर यादीतल्या खुणा वेगळ्या आल्या असत्या. एका राज्याची दुसऱ्याशी किंवा या फेरीची मागच्या फेरीशी तुलना करताना पंचांगही उघडून बघायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

देशपातळीवरचे आकडेच पाहा. 2015-16 च्या चौथ्या सर्वेक्षणात पुरेसा आहार मिळणारी मुलं 9.6 टक्के. 2016 ते 2018 दरम्यान झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात किमान स्वीकारार्ह आहार मिळणारी 6.4 टक्के. नंतरच्या पाचव्या फेरीत 11.3. पाच-सहा वर्षांत देशातल्या बाळांचं ताट आधी आटलं आणि मग भरलं, की विचारणाऱ्यांची व्याख्या, हंगाम आणि पद्धत बदलली? आकडा स्वतःहून हे सांगत नाही. म्हणून दोन टक्के वाढ झाली म्हणून पाठ थोपटणं आणि दोन टक्के घट झाली म्हणून आयांना दटावणं, दोन्ही थांबवा.

*

हा वाद पुण्याला नवा नाही. 1971 साली गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास मांडला. माणशी रोज 2250 कॅलरी मिळतील एवढा खर्च जे कुटुंब करू शकत नाही ते गरीब, असा त्यांचा निकष होता. म्हणजे गरिबीची रेषाही अन्नाच्या प्रश्नावलीवरच आखली गेली.

त्याला आव्हान दिलं तेही पुण्यातूनच. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत दोन दशकं संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. निवृत्तीनंतर ते पुण्यात आले आणि आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी काम करू लागले. त्यांचा मुद्दा असा: एकाच माणसाचं खाणं आणि त्याची गरज रोज वरखाली होते, शरीर त्याच्याशी काही मर्यादेपर्यंत जुळवून घेतं, म्हणून सरासरी गरजेपेक्षा आज कमी खाल्लं एवढ्यावरून कुणाला कुपोषित ठरवता येणार नाही. दांडेकरांनी त्याला कडक उत्तर दिलं. चढउतार असतात म्हणून गरिबांच्या घरातली कायमची तूट नाकारता येत नाही, हा त्या उत्तराचा गाभा. 1980च्या आसपास ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या पानांवर हे दोघे एकमेकांना भिडले. दोघांच्या संस्था एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

कोण जिंकलं, यापेक्षा आपण त्यातून काय शिकलो हे मला महत्त्वाचं वाटतं. बाळाच्या बाबतीत दोघांचंही घ्यायला हवं. सुखात्म्यांचं हे, की एका दिवसाच्या ताटावरून एका मुलाचा निकाल लावू नका. दात येताना, ताप आल्यावर, पाहुणे आल्यावर मूल दिवसभर तोंड फिरवतं आणि दुसऱ्या दिवशी भरून काढतं. दांडेकरांचं हे, की हजार मुलांची ताटं दिवसेंदिवस रिकामी दिसत असतील तर ‘शरीर जुळवून घेतं’ म्हणून हात झटकू नका. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत, हे पाचव्या सर्वेक्षणानेच नोंदवलं आहे. इथे आईच्या आठवणीचा प्रश्न नाही. फूटपट्टीने मोजलेली उंची आहे ती.

*

फेब्रुवारी 2024 मध्ये या एका दिवसाच्या प्रश्नावरून आंतरराष्ट्रीय खडाजंगी झाली. 92 देशांच्या सर्वेक्षणांवर आधारलेला एक अभ्यास एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आला. आदल्या चोवीस तासांत ज्यांना जनावराचं दूध, डब्यातलं दूध किंवा घट्ट-मऊ कुठलंही अन्न मिळालं नाही अशी 6 ते 23 महिन्यांची मुलं त्यात मोजली होती. भारतात ती 19.3 टक्के, सुमारे 67 लाख. केंद्र सरकारने हे निष्कर्ष फेटाळले. आईच्या दुधाचा विचारच केलेला नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप.

या मुलांतली बहुतेक अंगावर पीत होती, हे खरं आहे. त्यामुळे ती उपाशी होती, असा मथळा देणं चूक होतं. पण सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधावर बाळाचं भागत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून सगळं ठीक आहे असं म्हणणंही चूकच. दोन्ही बाजू आकड्यावर भांडल्या. त्या दिवशी काहीच का भरवलं गेलं नाही, हे मात्र कुणी विचारलं नाही. जुलाब होते का? आई दोन पाळ्यांत काम करत होती का? घरात गॅस संपला होता का? बाळ अजून लहान आहे, वरचं नंतर देऊ, असं वडीलधाऱ्यांनी सांगितलं होतं का? खाण्याच्या यादीत ‘का’साठी रकाना नाही, आणि उपाय नेहमी त्या ‘का’च्या उत्तरातच असतो.

*

नीट विचारलं तर केवढं हाती लागतं, याचंही उत्तम उदाहरण पुण्याचंच आहे. 1993 साली केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. आहाराची बाजू आघारकर संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी सांभाळली. गरोदरपणात दोन टप्प्यांवर, 18व्या आणि 28व्या आठवड्यांच्या सुमारास, बायकांना विचारलं गेलं: काल काय खाल्लं, आणि कुठला पदार्थ किती वेळा खाता. निष्कर्ष 2001 साली प्रसिद्ध झाले. एकूण कॅलरी आणि प्रथिनं यांचा बाळाच्या जन्मवेळच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. पण ज्या आया हिरव्या पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं मोठी होती. शरीरात ऊर्जा गेली किती यापेक्षा ताटात पालेभाजी आली किती वेळा, या साध्या प्रश्नाने जास्त सांगितलं.

विचारून कळलेलं तिथेच सोडलं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. त्याच धाग्यावर मुंबईच्या वस्त्यांमध्ये लग्न झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज देऊन पाहण्यात आला. 2014 साली निष्कर्ष आले: गरोदर राहण्याआधी किमान तीन महिने ज्यांना तो खाऊ मिळाला, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी 48 ग्रॅमने जास्त भरलं. वाढ छोटी आहे, पण ती मोजून मिळवलेली आहे.

लहान मुलांसाठीही पुण्यात असं काम झालं आहे. हिराबाई कावसजी जहांगीर मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी वंचित घरांतल्या दोन-तीन वर्षांच्या 60 मुलांना वर्षभर लाडू दिले. एका गटाच्या लाडवात 405 मिलिग्रॅम कॅल्शियम, दुसऱ्याच्या 156. ड जीवनसत्त्व दोन्ही गटांना. निष्कर्ष 2011 साली छापले गेले: जास्त कॅल्शियमवाल्या गटाच्या हाडांत खनिज जास्त वाढलं. आठवणीवर विसंबून राहायचं नसेल तर मोजलेला पदार्थ हाती द्या आणि परिणाम शरीरात तपासा. आपल्या ओळखीच्या लाडवानेही चोख विज्ञान करता येतं.

आठवणीची चूक पकडायचे नेमके मार्गही आहेत. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी पाजून काही दिवस लघवी तपासली, की शरीराने किती ऊर्जा खर्च केली हे कळतं. आईला जड पाणी पाजून बाळाच्या लाळेत ते किती उतरलं हे पाहिलं, की बाळ अंगावर किती दूध प्यालं हे आकड्यात मिळतं. महागडं काम आहे, म्हणून ते घरोघर होणार नाही. पण शे-दोनशे मुलांत केलं तरी आपली यादी किती चुकते हे समजतं. गेल्या महिन्यात कुठला पदार्थ किती वेळा खाल्ला, अशा लांब यादीत लहान मुलांचं खाणं साधारणपणे फुगून दिसतं. शिवाय नवव्या महिन्यातलं बाळ आणि दहाव्या महिन्यातलं बाळ यांच्या खाण्यात एवढा फरक पडतो, की ‘गेल्या महिन्यात’ याला अर्थच उरत नाही. या वयासाठी यादी छोटी हवी आणि वारंवार हवी.

*

वारंवार विचारायचं तर विचारणार कोण? अंगणवाडी सेविका. त्यांच्याकडे वजन, उंची, हजेरी, टीएचआरचं म्हणजे घरी न्यायच्या शिध्याचं वाटप, लसीकरण, मोबाइलमधली नोंद, शिवाय निवडणुकीची आणि इतर सरकारी कामं. मानधनासाठी महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनिसांना 4 डिसेंबर 2023 पासून बेमुदत संप करावा लागला. तो जानेवारीपर्यंत चालला. ज्या बाईला स्वतःच्या घरचा महिना काढायची धास्ती आहे, तिच्याकडून तुम्ही दुसऱ्याच्या घरातल्या वाटीचं माप अचूक मागता. आधी तिला वेतन द्या, वेळ द्या, शिकवा. वस्तीतल्या आईला कसं बोलतं करायचं, हे कुठल्याही तज्ज्ञापेक्षा तिला चांगलं येतं. टीएचआरचं पाकीट बाळाच्या नावावर येतं आणि घरातली चार भावंडं मिळून ते खातात, हे तिला माहीत असतं. तिच्या नोंदीत मात्र ‘वाटप झालं’ एवढंच लिहायला जागा असते.

आता मागण्या. राष्ट्रीय सर्वेक्षण जिल्ह्यापाशी थांबतं. पुणे जिल्ह्याच्या आकड्यात बाणेर, जनता वसाहत, जुन्नर आणि भोर एकत्र कालवले जातात. जिल्हा पत्रकांत तर 25 पेक्षा कमी मुलं असतील तिथे आकडाच देत नाहीत, नुसतं तारकेचं चिन्ह असतं. शहरातल्या मुलांचं खाणं शहरालाच मोजावं लागेल. पुणे महापालिकेने दरवर्षी दोनदा, एकदा श्रावणात आणि एकदा उन्हाळ्यात, अंगणवाड्या, खासगी पाळणाघरं आणि घरं यांतून निवडलेल्या दोन वर्षांखालच्या मुलांचा आहार नोंदवावा. प्रत्येक मुलाचे किमान तीन दिवस, त्यातला एक रविवार. भरवणाऱ्या व्यक्तीला विचारावं. मापाच्या वाट्या समोर ठेवाव्यात. घट्ट की पातळ, उष्टं किती, पाकिटातलं काय आणि नाही खाल्लं तर का, हे चार प्रश्न सक्तीचे असावेत. केईएमचं संशोधन केंद्र, आघारकर, जहांगीर, गोखले या संस्था इथेच आहेत. त्यांना सोबत घ्यावं. प्रभागनिहाय निष्कर्ष जाहीर करावेत. आणि कुठल्याही मुलाच्या नोंदीवरून त्याच्या आईला बोल लावायचा नाही, हे पहिल्या पानावर छापावं.

निष्कर्ष आल्यावर काय करायचं, हेही आत्ताच ठरवून ठेवा. पातळ अन्न निघालं तर सेविकांनी घरोघर घट्ट खिमट करून दाखवावं. अंडं परवडत नाही असं निघालं तर अंगणवाडीत अंडं द्यावं. राज्यातल्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून ते दिलं जातंच. भरवायला माणूस नाही असं निघालं तर कष्टकरी वस्त्यांत पालिकेने पाळणाघरं काढावीत, कारण भरवायला माणसाचे दोन हात आणि अर्धा तास लागतो. नुसत्या जागृतीने पोट भरत नाही. बिस्किटांवर दिवस निघतो असं दिसलं तर सकाळी नऊच्या आत अंगणवाडीत गरम खाणं मिळायला हवं.

आईने कालचं ताट खरंखरं सांगितलं, की तिचं काम संपलं. उद्याचं ताट भरण्याचं काम पालिकेचं आणि शासनाचं आहे. त्यासाठी येत्या अंदाजपत्रकात किती रुपये ठेवले, हे आता नगरसेवकापासून आमदारापर्यंत प्रत्येकाला विचारा, आणि उत्तर लिहून घ्या.